इंजिनाच्या कपाळचा शेंदूर

माझं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी अकोल्याला एका तेलाच्या गिरणीत काट्यावर होतो. काट्यावर म्हणजे जवसाचं, तिळाचं पोतं आलं की तोलायचं आणि तेलाचा डबा निघाला की तोपण तोलायचा. गिरणीत एक मोठं ऑइल इंजिन होतं. ते माझ्या बसायच्या जागेपासून भिंतीपलीकडे धडधडायचं. त्याचा आणि माझा संबंध एवढाच, की त्याच्या आवाजापायी मला दुपारची डुलकी घेता यायची नाही.

हे मी सासरी अगदी स्वच्छ सांगितलं होतं. दिवाळसणाला गेलो त्याच दिवशी, ओसरीवर, पाय धुऊन बसल्याबरोबर. सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्या हाताखाली इंजिन हाये म्हनते पोरगी?" मी म्हणालो, "नाही हो, मी काट्यावर असतो. इंजिनातलं मला काही कळत नाही." ते हसले, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाह्यलं? मोठे मानसं असेच बोलतेत." झालं! म्हणजे खरं बोलून मी अजूनच मोठा झालो.

रात्री बायकोला खडसावलं. "काय सांगितलंस तू यांना?"

"सांगतलं का यायच्याशिवाय तिथलं इंजिन हालत नाई."

"अगं, पण मी पोती तोलतो!"

"मंग काय पोते तोलते म्हनून सांगू? माह्या मैतरनी हासन नं!" असं म्हणून ती कूस बदलून झोपली. तिच्या जिभेपुढे मी तेव्हाही टिकत नव्हतो.

इंजिनाची एवढी चौकशी का, तर सासऱ्यांकडे एक होडी होती. त्यांचा मळा वर्धा नदीच्या काठावर, कौंडण्यपूरच्या खालच्या अंगाला. वांगी, मिरच्या, आणि मुख्य म्हणजे फुलं. झेंडू आणि शेवंती. पुलाच्या कामासाठी नदीची खोली मोजायला एक गोरा इंजिनेर तिथं तंबू ठोकून राहिला होता. सासरे त्याला रोज भाजी नि फुलं पोचवायचे. काम आटोपून विलायतेला जाताना तो होडी आणि तिची मोटर सासऱ्यांना देऊन गेला. मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला आवळून बसवायचं एक धूड. खाली पाण्यात पंखा, वर पेट्रोलची टाकी. डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसका मारून ओढायची, की फटफट सुरू. साहेबानं सासऱ्यांना ती चालवायला शिकवली होती. बंद पडली तर काय करायचं, हे शिकवायच्या आधीच तो गेला.

पाडव्याला घरात अवजारांची पूजा झाली. विळे, पावडी, मोट, तराजू सगळं धुऊन अंगणात मांडलं होतं, आणि मधोमध पाटावर ही मोटर. मी अकोल्याहून येताना गिरणीतलं जवसाच्या तेलाचं डबडं भेट म्हणून आणलं होतं. सासूबाईंना त्याचं फार कौतुक. "जावयाचं तेल हाये, पयले देवाच्या कामी लागू द्या," म्हणत त्यांनी त्यात शेंदूर कालवला आणि एकेका अवजाराला टिळा लावत मोटरीपाशी आल्या. तिथं अडल्या. माझ्याकडे वळून डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी मोठ्या भक्तिभावानं विचारलं, "याचं कपाळ कुठी असते जी?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. आता काय सांगणार? मी टाकीच्या वरच्या पितळी झाकणाकडे बोट केलं. सासूबाईंनी अंगठ्यानं तिथं असा ठसठशीत टिळा लावला की झाकणाचा मधला भाग लालभडक झाला. मग मोटरीला हार घातला, नारळ फोडला आणि तिला उचलून देवघराशेजारी कोपऱ्यात ठेवली. जत्रेपर्यंत तिला कुणी हात लावला नाही.

आता जत्रेचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलेलं होतं. कार्तिकात कौंडण्यपूरला जत्रा भरते. दुपारी पालखी निघते, आणि तिला पहिला हार सासऱ्यांच्या घरचा असायचा. त्यांच्या आज्यापासून चालत आलेला मान. दुसरा हार त्यांच्या शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याचा. तोही फुलंच लावणारा, जुना सोबती. रीत अशी, की पालखी उचलायच्या वेळी पहिला हार हजर नसला तर दुसरा पुढे होतो, आणि मग पुढच्या वर्षापासून मान त्या घरचा. म्हातारा दर वर्षी हार घेऊन वेळेच्या आधी उभा राहायचा आणि दर वर्षी दुसरा घालून परत यायचा. सासरे तोऱ्यात सांगायचे, "माह्या बापानं ताप अंगात असतानी हार नेला, पन दुसऱ्याले जाऊ देला नाई."

दर वर्षी ते बैलगाडीनं जात. पण गाडीच्या दचक्यांनी शेवंती झडते, म्हणून या वर्षी होडीनं जायचं त्यांच्या मनात होतं. फुलं सकाळी दवात तोडायची, ताजा हार ओवायचा आणि पाण्यावरनं अलगद न्यायचा. वर जावई इंजिनवाला! सासूबाई पूजेचं सामान घेऊन गाडीनं पहाटेच पुढे गेल्या. होडीत आम्ही तिघं. सासरे, मी, बायको, आणि ओल्या फडक्याखाली केळीच्या पानांवर पसरलेला तो भला लांब हार.

सासऱ्यांनी दोरी ओढली. एका हिसक्यात मोटर सुरू! कौंडण्यपूर प्रवाहाच्या उलट दिशेला. होडी पाणी कापत निघाली, काठावरच्या बाभळी मागे पडायला लागल्या, बायको हात पाण्यात घालून बसली. मला वाटलं, चला, आपली परीक्षा टळली.

थोडं अंतर गेलो असू. मोटर खोकली, कण्हली आणि गप्प झाली.

सासरे बाजूला सरकले. फडक्यानं फळी पुसली आणि म्हणाले, "या जावईबापू. पाहा बरं."

काय पाहणार? जे कुणीही पाहील ते पाहिलं. टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि आत डोकावलो. पेट्रोल काठोकाठ. झाकण परत लावलं, दोरी ओढली, आणि बाप्पा! चालू झाली की. सासरे बायकोला म्हणाले, "पाह्य, नुसता हात लावला!" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीही क्षणभर फुशारलो. खोटं कशाला बोलू?

पुन्हा तेवढंच अंतर गेलो आणि पुन्हा बंद. या वेळी प्रवाहानं होडी मागे ओढायला सुरुवात केली. सासऱ्यांनी बांबू रोवून ती धरली. मी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, लावलं, टाकीखालची तोटी दोनदा बंद-चालू केली, दोरी ओढली. चालू! "तोटीत होतं म्हना नं," सासरे म्हणाले. मी मान हलवली. गिरणीतला मिस्त्री हलवायचा तशी.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मला घाम फुटला. गिरणीतला मिस्त्री इंजिन अडलं की तेलाच्या वाटेतली बारीक जाळी धुवायचा, एवढं मी पाहिलं होतं. शोधली. तोटीच्या खाली एक वाटी होती, तिच्यात जाळी. काढली, धुतली, लावली. टाकीत डोकावून पेट्रोल सांडलं तर नाही ना, ते पाहिलं. दोरी ओढली. दोनदा फुसकी, तिसऱ्यांदा चालू.

आता बघा, माझं काय होत होतं ते. जे जे मी करत होतो ते ते लागू पडत होतं! कशानंच काही होत नाही असं असतं तर मी हात जोडून सांगितलं असतं, मामंजी, मला येत नाही. पण दर वेळी मोटर सुरू व्हायची आणि दर वेळी माझी वाहवा व्हायची. मला तर ती मोटर मुद्दाम माझी थट्टा करतेय असं वाटायला लागलं होतं.

त्याच वेळी काठावरच्या वाटेनं शेजारचा म्हातारा गाडीत बसून चालला होता. त्यानं आम्हाला मघाशी थांबलेलं पाहिलं असावं. गाडी थांबवून तो ओरडला, "कावून रे, बिघडली काय? येता गाडीत? हार घ्या अन् बसा, जागा हाये!"

मनानं किती चांगला माणूस, बघा. ज्याला आमच्या उशिरानं मान मिळणार होता तोच गाडीत घेत होता. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोटर फटफटत होती. मी काही बोलायच्या आत ते अभिमानानं ओरडले, "नाई लागत बावा! आमचे जावई हायेत नं संगं! हो तू पुढं!" म्हाताऱ्यानं हात हलवला आणि गाडी बाभळीआड गेली.

आणि डोहात शिरल्यावर मोटर बंद पडली.

डोहात बांबू तळाला लागत नव्हता. होडी फिरली आणि आपल्याच नादात मागे वाहायला लागली. दुरून जत्रेतले ढोल ऐकू येत होते. सासऱ्यांनी फळकुटानं पाणी मारायला सुरुवात केली. साठीचा माणूस, दंडाच्या शिरा तटतटल्या. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणत होते, "करा तुमी सावकाश. घाई नका करू."

मी नळी सोडवली. तोटी उघडी, टाकी भरलेली, आणि नळीतून थेंब येईना. नळीत कचरा असेल म्हणून तोंड लावून फुंकलं, मग ओढलं. घोटभर पेट्रोल घशात! असा ठसका लागला की मी होडीच्या काठावर ओणवा होऊन सकाळचा फराळ वर्ध्येच्या स्वाधीन केला. बायको पाठ चोळत होती. सासरे वल्हवायचं सोडून माझ्यासाठी ओंजळीत पाणी धरून आले. इकडे त्यांच्या आज्याचा मान वाहून चालला होता आणि हा माणूस मला चूळ भरायला पाणी देत होता. मला त्या क्षणी नदीत उडी घ्यावीशी वाटली. पोहता येत नव्हतं म्हणून घेतली नाही.

फुंकल्यावर मोटर परत सुरू झाली, डोह पार झाला, आणि परत बंद. देऊळ दिसत होतं. पायऱ्यांवर माणसंच माणसं. पालखीवरची लाल झालर उन्हात झळकत होती. म्हणजे ती अजून उचलायची होती!

"अवं, करा नं काई!" बायको रडकुंडीला आली. तिच्या तोंडून माझ्याबद्दलचा पहिला संशय मी तेव्हा ऐकला.

मी नळी पुन्हा सोडवली. दोन थेंब आले आणि थांबले. चिडून मी झाकण पिरगाळलं, तर सुस्स करून आवाज झाला, आत हवा शिरल्याचा. आणि खाली नळीतून पेट्रोलची धार लागली. मी झाकण लावलं. धार बारीक झाली, थेंब झाले, बंद. काढलं. धार.

मी ते झाकण हातात घेऊन बसून राहिलो. अहो, तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही! हवा आत जायला समोर दुसरं पाडावं लागतं. हे मी रोज करत होतो. गिऱ्हाइकाला तेल ओतून देताना दाभण मारून दोन भोकं पाडायची, हे माझंच काम होतं. इंजिनातलं काही लागतच नव्हतं इथं. या टाकीच्या झाकणातही मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असणार, आणि ते कुठं होतं? सासूबाईंच्या टिळ्याखाली. शेंदूर आणि जवसाचं तेल वाळलं की दगडासारखं घट्ट बसतं. गिरणीत मिस्त्री नळांच्या सांध्यांना तेच भरायचा, गळू नये म्हणून. तेल माझं, आणि कपाळ दाखवणारं बोटही माझंच. मघापासून मोटर सुरू होत होती ती माझ्या तोटीनं नाही की जाळीनं नाही. मी दर वेळी झाकण उघडून आत डोकावत होतो, आणि डोहात नळीतून फुंकून हवा आत सारली होती, तेवढ्यानं. झाकण बाजूला ठेवून होडी हाकली असती तर आम्ही केव्हाच पायऱ्यांवर असतो.

"आकडा दे," मी बायकोला म्हणालो. तिनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. मी शेंदूर खरवडायला लागलो. लाल कपच्या फळीवर पडत होत्या. सासरे वाकून बघत होते. त्यांना मी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. भोक मोकळं होऊन आरपार उजेड दिसला, तसं त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"मामंजी, ही चूक..."

"काई बोलू नका," ते हळूच म्हणाले. "थे तिथं आरती घेऊन उभी असन. तिले समजलं का तिच्या हातच्या शेंदरानं झालं, त जनमभर मनाले लावून घेईन. तुमीबी नाई सांगायचं अन् पोरीनंबी नाई."

बायकोनं खाली बघून मान हलवली. त्यांनी ओंजळीनं पाणी घेऊन फळीवरच्या लाल कपच्या धुऊन टाकल्या.

दोरी ओढली. मोटर अशी गर्जत सुटली की काय सांगू. एकदाही खोकली नाही. आणि हीच खरी फजिती झाली. सगळ्या जत्रेनं माना वळवून पाहिलं, की ही होडी कशी झोकात येऊन राहिली! कुणाला वाटणार होतं की हिच्यात काही बिघाड झाला होता? आम्ही पायऱ्यांना लागलो तेव्हा पालखी उचलली गेली होती. ती देवळाला वळसा घालायला निघाली होती आणि तिच्यावर शेजारच्या म्हाताऱ्याचा हार होता.

म्हातारा स्वतः पायऱ्यांवर उभा होता. खूश दिसत नव्हता. "कावून रे बावा?" त्यानं सासऱ्यांना विचारलं. "म्या थांबवलं होतं थोडं. पन लोकं आयकते काय? काय झालं?"

आजूबाजूची माणसं कान देऊन ऐकत होती. सासूबाई ताट घेऊन पुढे आल्या होत्या. मी सासऱ्यांच्या मागे उभा, दाढीला पेट्रोलचा वास, धोतरावर ओकारीचे डाग. मला वाटलं आता मोटरीचं नाव निघणार, मग माझं निघणार. निघालं असतं तर मी सुटलो असतो हो.

"मले जाग नाई आली," सासरे म्हणाले.

कुणाला तरी हसू आलं. कोंबडं आरवायच्या आधी मळ्यात असणारा माणूस, सगळी पंचक्रोशी त्याला ओळखत होती. सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या, कारण पहाटे गाडी जुंपून त्यांना वाटेला लावणारे हेच होते. पण चार माणसांत त्या काही बोलल्या नाहीत. मागे कुणीतरी म्हणालं, "मान सांभाळनं झोपनाऱ्याचं काम नोहे." सासऱ्यांनी तेही ऐकून घेतलं. मी तोंड उघडलं, आणि त्यांनी न वळता माझं मनगट दाबलं.

देवासाठी ओवलेला हार घरी नेता येत नाही आणि जमिनीवरही ठेवता येत नाही. पालखी तर गेली होती. सासऱ्यांनी होडीत जाऊन तो दोन्ही हातांवर उचलून आणला. दुहेरी केला. मला वाटलं नदीत सोडतील. ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला.

"लगनात तुमचे पाय धुतले, तवापासून तुमी आमचे देवच," ते म्हणाले आणि तिथं, सगळ्या जत्रेसमोर, माझ्या पायाशी वाकले. मी मागे सरायला गेलो तर मागं पायरी होती. बायकोनं तोंडाला पदर लावला. ती रडत होती की काय, मी पाहिलं नाही. माझ्यानं पाहवलं नाही. ओल्या हाराचं पाणी माझ्या पाठीवरून धोतरात उतरत होतं आणि शेवंतीच्या वासात पेट्रोलचा वास मिसळत होता.

तिथून आमचा मुक्काम जत्रेच्या पलीकडच्या टोकाला होता. सगळी जत्रा तुडवत जायचं होतं. हार घातलेला माणूस बघून लोक वाट देत होते, म्हाताऱ्या बाया हात जोडत होत्या. मी मान खाली घालून चालत होतो, आणि सासरे मागून गर्दीला सांगत येत होते, "सरका बावा सरका, आमचे जावई हायेत."